नरसाळ्याचं टोक

४ एप्रिल
पोचलो एकदाचा! बोटीत पोटातलं सगळं समुद्राच्या हवाली केलं, पण बेटावर पाय टेकले आणि तरतरी आली. वारा असा की टोपी उतरल्या उतरल्याच उडाली. छपराची गळती, खिडक्या, दारं असं सुतारकाम भरपूर आहे. बायकोचे दिवस भरत आलेत, म्हणून महिनाअखेरच्या बोटीने परतणार हे आधीच कबूल करून घेतलंय. ही वहीही तिनेच खिशात घातली. घरी मी तोंडाला कुलूप लावून बसतो, तेव्हा निदान लिहून तरी आण, अशी ताकीद आहे.
इथे दोघंच राहतात. पक्ष्यांपायी आयुष्य घालवलेले एक म्हातारे गृहस्थ (मी त्यांना मनात पक्षीबुवा म्हणतो) आणि त्यांची बहीण, ताई. ताईंचा हात सढळ. नको नको म्हटलं तरी वाढतात.

७ एप्रिल
बुवांनी आज पक्षी धरायचा पिंजरा दाखवला. जाळीचं भलंमोठं नरसाळंच ते. तोंड झुडपांवर उघडं, मग अरुंद होत होत शेवटी एक पेटी, पेटीच्या पाठीला काच. समुद्र ओलांडून दमलेला पक्षी झुडपात उतरला की मागून टाळ्या वाजवत हाकायचा. तो उजेडाकडे धावतो, काचेवर आपटतो, पेटीत पडतो. मग पायात आकडा कोरलेलं कडं घालायचं, वजन करायचं आणि समुद्रावरच्या उंच कड्यावर जाऊन ओंजळ उघडायची. मी कड्यावरून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरलो. ज्याला उडता येतं तो उडतो, असं बुवा म्हणाले. न येणाऱ्याचं काय, मी विचारलं. ते हसले. मीही हसलो.

१२ एप्रिल
काम मात्र तऱ्हेवाईक. आधी सगळ्या खिडक्यांवर फळ्या ठोकून घेतल्या, वाऱ्याने काचा फुटतात म्हणे. आता घरातल्या लांब बोळाला आतून फळ्यांच्या भिंती, त्याही टोकाकडे जवळ येत जाणाऱ्या. असलं वाकडं काम पाहून लोक मला हसतील, असं मी म्हटलं. इथे हसायला आहे कोण, बुवा म्हणाले. तेही खरंच.
जेवताना ताईंनी माझा दंड चाचपला आणि अंग धरलंय म्हणून भावाला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या असत्या तर खूश झालो असतो. इथे ताट बाजूला सारलं.

१७ एप्रिल
जुनी फळी उचलली तर खाली लोखंडी कडं. पक्ष्यांच्या पायातल्या कड्यावर असतो तसाच आकडा कोरलेला, पण माझ्या घोट्यात आरामात बसलं. बकरीचं असेल, बुवा म्हणाले. बेटावर बकरी कुठे आहे?
माझ्याआधी इथे एक सुतार येऊन गेला होता, त्याची चौकशी केली. ताई म्हणाल्या, भावाने स्वतः त्याला कड्यापर्यंत पोचवलं. बोट तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला लागते. माझं मन काही थाऱ्यावर नाही.

२३ एप्रिल
बोळाच्या टोकाला, मागच्या दाराबाहेर, मोठी पेटी जोडून झाली. सामानासाठी, म्हणे. सरकतं दार, खाली चाकं. चाकं कशाला विचारलं, तर आम्हा म्हाताऱ्यांना ओझं उचलवत नाही, हे उत्तर. आज पेटीच्या पाठीला काच बसवायला सांगितली.
बसवली. हात पुसत मागे वळलो, बोळ पाहिला. नरसाळंच ते.
मीच बांधलं. स्वतःच्या हातांनी —

२८ एप्रिल
उद्या बोट. पिशवी भरलीय. हत्यारं सापडत नाहीत. पुढचं दार बाहेरून बंद आहे. ताई आज मला जेवायला बोलवत नाहीत.

२९ एप्रिल
सकाळीच टाळ्या. दोघं मागून, सावकाश, टाळ्या वाजवत —
सगळं ठाऊक होतं मला. तरी उजेडाकडेच धावलो.

कपाळ फुटलंय. दार सरकत नाही. पक्कं बसवलं होतं मीच. शुद्धीवर आलो तेव्हा घोटा गार लागला. कडं. नवा आकडा.

बोटीचा भोंगा. ओरडलो. वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार —

पेटी हलतेय. चाकं छान फिरतात. बाळाला सांग, बाबा येत होता, खरंच येत

समुद्र दिसतो काचेतून. फक्त समुद्र. ताई भावाला म्हणतायत, वारा चांगला आहे, उघड आता —