माझी तक्रार करावी, ही विनंती

ती. स्व. मावशीस,

तुझ्या वेंधळीचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिलेला नाही. पेनाचं टोपण कपाटाखाली गेलं होतं, ते काढायला आडवी झालेच होते, म्हटलं तुझाही उरकून घ्यावा.) तुझे गुडघे काय म्हणतात? डावा जास्त कुरकुरतो की उजवा, हे तू मागच्या पत्रात कळवलं होतंस, पण ते पत्र मी इतकं जपून ठेवलंय की सापडत नाही. तेव्हा दोघांचीही चौकशी केली आहे असं समज. इकडे नवरा बरा आहे, मुलगी बरी आहे, आणि मी बरी आहे की नाही हे ठरवण्याचं काम गेले सात महिने चालू आहे. त्याचीच ही हकीकत. चहा घेऊन बस.

सुरुवात दातांपासून झाली. मी कवळ्या करते हे तुला माहीतच आहे. मेणात दात बसवावेत तर हिनेच, असं आमच्या लॅबचे मालक म्हणतात (पाठीमागे, तोंडावर फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारतात, कारण एकदा कामाला बसले की मला तहानभूक कळत नाही). पण दात बसवणं वेगळं आणि ते कुणाचे हे डबीच्या झाकणावर लिहिणं वेगळं. एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी एका गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेली आणि बाईंची न्यायाधीशांकडे. दोघंही इतकी सभ्य, की चार दिवस आपापल्या हिरड्यांना दोष देत राहिली. दातांच्या डॉक्टरांनीही "होईल सवय" म्हणून धीर दिला. पाचव्या दिवशी बाईंच्या शिष्यांनी क्लास सोडण्याची भाषा केली, तेव्हा भानगड उघडकीला आली.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवून शांतपणे विचारलं, की दातांच्या सोळा छटांमधला फरक तुला खिडकीपासून कळतो, मग झाकणावर नाव लिहायला काय होतं? मावशी, घरी येऊन मी रडले. हाच प्रश्न मला बालवाडीपासून कुणी ना कुणी विचारत आलंय, आणि चाळिशी उलटली तरी माझं उत्तर तयार नाही.

तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तुला एडीएचडी असेल." म्हणजे काय, तर लक्ष आपल्या मर्जीने चालतं, मालकिणीच्या नाही. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, तुमचं लग्न झालंय, नोकरी टिकलीय, तुम्हाला कसलं एडीएचडी, ते खोडकर मुलांना असतं. (लग्न टिकण्यामागे नवऱ्याचा स्वभाव आहे आणि नोकरी टिकण्यामागे मालकांचा, हे सांगायचं राहिलं. आठवलं, पण जिना उतरल्यावर.) मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथे ही तपासणी फक्त बालविभागात होते. वीतभर उंचीच्या लाल खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून मी दोन तास बसले. शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीने मला तिची खडूंची पेटी वापरायला दिली, मी त्यातले खडू फिक्यापासून गडदपर्यंत लावले, आणि त्यात माझा नंबर पुकारून गेला. ऐकू आला असता तरी फरक पडला नसता. अठराच्या वरच्यांना तिथे घेतच नाहीत.

शेवटी खासगी तज्ज्ञ शोधल्या. पण गंमत बघ. ज्या माणसाला फॉर्म भरणं जमत नाही म्हणून तो तपासून घ्यायला निघालाय, त्याला आधी चौदा पानांचा फॉर्म! पोहता येत नाही म्हणून शिकायला जावं, तर वर्ग विहिरीच्या तळाशी. पहिला फॉर्म हरवला, दुसऱ्यावर चहा सांडला, तिसरा भरला आणि भेटीला बरोबर वेळेवर पोचले, फक्त एक दिवस आधी. स्वागतकक्षातली मुलगी हसली नाही. "इथे असं होतं," म्हणाली, आणि मला पाणी दिलं. त्या तीन शब्दांसाठी मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तज्ज्ञ मॅडम म्हणजे चीज आहे. मी कवळ्यांवरून सुरू करून मधेच त्यांच्या खिडकीच्या कडीवर घसरले (ती कडी उलटी बसवली आहे), तिथून आमच्या शाळेच्या घंटेवर, आणि बाई नुसत्या ऐकत बसल्या. घड्याळाकडे पाहणं नाही, "मुद्द्यावर या" नाही. मी आपणहून मुद्द्यावर आले, माझी मीच चकित झाले. त्या म्हणाल्या, लक्षणं तर दिसतात, पण ही गोष्ट मोठेपणी उपटत नाही. बारा वर्षांच्या आत होती याची कुणीतरी साक्ष द्यायला हवी. त्याशिवाय मी अहवालात काही ठाम लिहू शकत नाही.

झालं. साक्षीदार म्हणून आईला उभं केलं.

तुला तुझी बहीण माहीत आहे. घरात मी आळशी, निष्काळजी, शेंडाबुडखा नसलेली. पण बाहेरच्याने विचारलं की आमच्या मुलीसारखी गुणी मुलगी पंचक्रोशीत नाही. आईने तो फॉर्म असा भरला, जणू मला पुन्हा एकदा उजवायची आहे. वस्तू हरवते का? कधीच नाही. काम अर्धवट सोडते का? कधीच नाही. सत्तावीस प्रश्न, सत्तावीस वेळा "कधीच नाही", आणि समासात "गृहकृत्यदक्ष". मॅडमनी तिला बोलावून घेतलं. आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि खुर्चीत ताठ बसली.

शाळेत काही विसरायची का, असं मॅडमनी विचारलं.

"छे! कधी शिक्षा झाली नाही तिला."

"म्हणजे सगळं आठवणीने न्यायची?"

"न्यायची कुठली! कंपासपेटी, डबा, कधी कधी दप्तरसुद्धा. पण माझी बहीण नेऊन द्यायची ना दुपारी."

"रोज?"

"रोज म्हणजे, शनिवारी अर्धीच शाळा असायची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि मावशी, मी आईकडे बघतच राहिले. कारण हे मला माहीतच नव्हतं! माझी समजूत अशी, की शाळेच्या शिपाईकाकांच्या कपाटात देव राहतो आणि जे विसरावं ते तिथे आपोआप उगवतं. आईने मग एकेक सांगितलं. तू टेलिफोन खात्यातली तुझी अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन दोन रस्ते ओलांडून यायचीस, वस्तू शिपायाकडे द्यायचीस आणि "तिला सांगू नका, तिला वाईट वाटेल" म्हणून परत जायचीस. जेवायचीस कधी, हे आईलाही सांगता आलं नाही. अभ्यासाच्या वेळी तू विणकाम घेऊन माझ्याशेजारी बसायचीस, एक शब्द न बोलता. मला वाटायचं तुला तिथे उजेड चांगला मिळतो. मॅडम म्हणाल्या, ही पद्धत आम्ही हल्ली लोकांना शिकवतो, आणि तुमच्या मावशींनी ती कुठलं पुस्तक न वाचता शोधली. ज्या मुलीच्या घरात अशी बाई असते, ती आमच्या नजरेतून सुटते. पडलीच नाही, तर खरचटल्याची खूण कुठून दिसणार?

मावशी, मला तुझा इतका अभिमान वाटला, की त्या खोलीत उठून उभं राहावंसं वाटलं. (राहिलेही. पर्स पडली, सगळं बाहेर आलं, त्यात हरवलेला पहिला फॉर्म निघाला.)

लोभ आहेच. तो असाच असू दे, कारण आता तुझ्याकडून काम करून घ्यायचं आहे.

तुझी,
वेंधळी

ता. क. सोबत मॅडमनी दिलेला कोरा फॉर्म आहे, कारण आईच्या फॉर्मवर अजून सत्तावीस "कधीच नाही" आहेत आणि त्यांना लेखी साक्ष हवी आहे. तो तू भरायचा आहेस, आणि माझी मनसोक्त तक्रार करायची आहे. तू आयुष्यात माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या चांगुलपणानेच माझा घात होतोय. जे जे झाकलंस ते ते उघड कर. मला औषध, सवलत वगैरे मिळेल तेव्हा मिळेल. मला फक्त एवढंच कळायला हवं, की इतकी वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत आले ते खरं होतं का.

ता. क. २. आईला यातलं काही बोलू नकोस. त्या दिवसापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते आहे.

ता. क. ३. हे पत्र टाकायचं चार दिवस राहूनच गेलं, ते बरंच झालं. आत्ता मॅडमचा फोन आला होता. आई काल एकटीच त्यांच्याकडे जाऊन आली. बस चुकली म्हणून चालत गेली. म्हणाली, मी लिहिलेलं सगळं खोडा आणि पहिल्यापासून विचारा. दीड तास खरं खरं सांगत होती. शेवटी म्हणाली, "मी तिला आळशी म्हणायचे. ते चुकलं, हे कुठे लिहायचं ते सांगा." त्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती, म्हणून मॅडमनी वेगळा कागद दिला. मला हे कळवायलाही आईनेच सांगितलं. स्वतः बोलायचा धीर होत नाही म्हणे. आता अहवाल होईल. तुझ्या फॉर्मची मॅडमना गरज नाही.

तरी भर. मला वाचायचा आहे.