ती साडी माझी होती, अक्का

पिंप्राळा, जळगाव
२५ मे १९८९

तीर्थस्वरूप मंजुळाअक्काच्या पायांवर धाकट्या निंबाचं डोकं. इकडे सगळे खुशाल आहेत (माझ्याखेरीज). तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हशीचं नवं पारडू यांची खबर कळवावी.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की आखाजीला रेडिओवर तुमच्या मंडळाची गाणी लागली. आठ दिवस आधीपासून मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, की आमची अक्का गाणार आहे. रेडिओत नवे सेल घातले, तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला, ओट्यावर सतरंजी टाकली. समोरच्या कमलबाई आल्या, चहावाला भटू दुकान उघडं टाकून आला. (तुझी भावजय द्रौपदा म्हणत होती, एवढ्या माणसांना आंब्याचा रस पुरणार नाही. पुरला नाही.) रेडिओवरच्या बाईंनी तुझं नाव घेतलं, दोंडाईच्याचं घेतलं आणि म्हणाल्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी झोक्यावर बसून भावांना नावं घेऊन कशा चिडवतात ते आता ऐका. मी टोपी सरळ केली. आणि तू गायलीस:

रुपचंद भाऊनी साडी दिन्ही लाल,
पहिला पानीमा तिना व्हयनात हाल.

अक्का, पाच कडवी आणि पाचांतही रुपचंद! रुपचंद घ्यायला उशिरा आला, रुपचंदचा बैल वाटेत बसला, रुपचंदने भजी एकट्याने खाल्ली. निंबा औषधालाही नाही. गाणं संपल्यावर भटूने सगळ्यांदेखत विचारलं, "निंबाभाऊ, तुम्ही सख्खेच ना?" मी म्हणालो, वेळ कमी असतो, रेडिओवाल्यांनी बाकीची कडवी ठेवून घेतली असतील. माझं मलाच पटलं नाही.

आपल्याकडे शिव्या आपल्याच माणसाला बसतात हे मला कुणी शिकवायला नको. आपल्या उखर्डूच्या लग्नात बायकांनी गाण्यात ज्या व्याह्याला वगळलं, तो पंगतीतून उठून गेला होता. मी तेव्हा त्याला हसलो होतो. आता हसत नाही. माझं नाव चालीत बसत नसेल, म्हणून मी ताटलीवर ठेका धरून पाहिलं. 'निंबा भाऊनी' अगदी चपखल बसतं. (द्रौपदाने ताटली काढून घेतली.)

राहवेना, म्हणून परवा एका सोयरिकीचं निमित्त काढून धुळ्याला गेलो. रुपचंदच्या सायकल दुकानात ही गर्दी. पंक्चर एकाचं नाही, पण जो तो लाल साडीची चौकशी करतोय. एसटीत कंडक्टरने ओळखून त्याला खिडकीची जागा दिली म्हणे. शेजारच्या कापडवाल्याने त्याला आत बोलावून पक्क्या रंगाची लुगडी दाखवली, वर चहा पाजला. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, सहकारी सोसायटीत हेड क्लार्क. मला त्या दिवशी बसायला उलटं घमेलं मिळालं. जळतो मी, अक्का. लपवून काय करू?

आणि आता मुद्द्याचं. ती साडी लाल नव्हती. जांभळी होती. मला माहीत आहे, कारण ती मी घेतली होती. परवासाली सोसायटीच्या कामात सवड नव्हती (खरं तर उन्हात दोंडाईच्याला यायचा कंटाळा आला), म्हणून रुपचंदच्या हाती पाठवली. रंग गेल्यावर तू त्याला बोललीस, आणि तो मुकाट्याने ऐकून आला. मी त्याला दुकानातच विचारलं, खरं का सांगितलं नाहीस? तर म्हणतो, "दादा, शिव्या मी खाद्यात, तू काब्र रडस?" म्हणे शिव्या त्याने खाल्ल्या, तर मी का रडतो! एवढा चांगुलपणा दाखवायची त्याला काही गरज होती का? माझी साडी, माझा फसलेला रंग, आणि नाव त्याचं!

बाकी चार कडव्यांबद्दल माझं म्हणणं नाही. घ्यायला तोच येतो, बैलही त्याचाच. मी आपला दर आखाजीला 'येणे' म्हणून कार्ड टाकतो. कार्ड कधी उशिरा पोचलं नाही, पण त्याचं गाणं होत नाही, हे आत्ता लिहिताना माझ्या ध्यानात आलं.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा (रेडिओवर नसलेला) भाऊ,
निंबा

ता. क. श्रावणात कानबाईच्या सणाची गाणीही रेडिओवाले तुमच्याच मंडळाकडून घेणार असं ऐकतो. त्याआधी सुरतेच्या गाडीने मी स्वतः तुला घ्यायला येतो. कार्ड टाकणार नाही. चार दिवस पिंप्राळ्याला राहा आणि काय दिसेल त्याच्यावर पोटभर शिव्या दे. कमलबाई आणि भटू ऐकतीलच.

दुसरा ता. क. येताना साडी आणतो. या खेपेला दुकानदारावर न विसंबता घरी बादलीत भिजवून पाहिली. पाणी थोडं हिरवं झालं. मुद्दामच बदलून आणली नाही. नाव तेवढं बरोबर घे.