म्बोपेमामाच्या गुडघ्यावरचं मीठ

प्रिय म्बोयो,

कशी आहेस पोरी? थंडीत तुझे ओठ फुटायचे, ते अजून फुटतात का? आमच्या पामतेलाचं बोट लावत जा, दुकानातल्या मलमावर विसंबू नकोस. तुझ्या नवऱ्याचा, येनचा, गुडघा बरा झाला का? त्याला म्हणावं, सायकल भिंतीला टेकव आणि मामाचं ऐक. छोट्या एलीनला दात आले असतील. चावते का कुणाला? तुझ्या सासूबाईंना जिना चढताना दम लागतो असं लिहिलं होतंस, त्यांना माझा नमस्कार सांग. इकडे तुझी आई सकाळी शेतावर जाते आणि परत आली की माझ्यावर चिडते, म्हणजे मिंगाची प्रकृती उत्तम. तुझ्या मामीची नजर अधू झालीय, पण कसावाच्या पाल्यातली काडी आणि माझ्यातली खोट तिला अजून बरोबर दिसते. माझा खोकला माझ्यासारखाच चिवट आहे, त्याची काळजी नको.

तुझं पाकीट पोचलं. तू काम करतेस त्या संग्रहालयात एका जुन्या प्रवाशाच्या फोटोंच्या पेट्या सापडल्या, त्यात आपली सांकुरू नदी, होड्या, टेकड्या, उखळात कांडणाऱ्या बाया, सगळं आहे, हे वाचून मला फार गंमत वाटली. आपण जन्मभर पाहिलेली नदी कुणीतरी पेटीत घालून नेली आणि आपल्याला पत्ताच नाही! त्यातला एक फोटो तू पाठवलास. खाली आपल्या जुन्या गावाचं नाव आणि ‘दुपारची झोप घेणारा सरदार’ अशी ओळ. तो माणसाच्या उंचीएवढा मोठा करून प्रदर्शनाच्या दारातच लावणार आहात, हा कोण ते ओळखता येतं का, असं तू विचारलंस. ‘किती शांत झोपलाय ना मामा,’ असंही लिहिलंस.

मी फोटो घेऊन मागांच्या मांडवात गेलो. तिथे आम्ही म्हातारे विणायला कमी आणि बोलायला जास्त बसतो. पेल्येंगेच्या हातात दिला. तो हसत हसत बघायला लागला आणि मधेच गप्प झाला. त्यानं शेजाऱ्याला दिला, तोही गप्प. तेवढ्यात तुझी आई पाणी घेऊन आली. म्हणाली, “आज काय झालं? एरवी तुमच्या गप्पांनी कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात.” मग तिनं फोटो पाहिला आणि हातातला पाण्याचा भोपळा खालीच ठेवला.

म्बोयो, तो झोपलेला नाही. तू लहानपणीच नन्सच्या शाळेत गेलीस, आणि आताशा मेलेल्याला पेटीत घालून लगेच पुरतात, म्हणून तू हे पाहिलं नाहीस. पूर्वी आपल्यातलं माणूस गेलं की त्याला अंगाला लाल पूड लावायचे, कुळातल्या बायकांनी भरतकाम केलेली राफिया ताडाच्या तंतूंची कापडं एकावर एक नेसवायचे आणि बांबूच्या चौकटीला टेकवून अंगणात बसवायचे. गावानं यायचं, पाहायचं, बोलायचं. हो, त्याच्याशीच बोलायचं. थट्टासुद्धा करायची. “कामाचा दिवस आला की बसलास का रे ऐटीत?” असं माझ्या चुलत्याला मी स्वतः ऐकवलंय, आणि मग ढसढसा रडलोय. फोटोतल्या माणसाच्या पाठीमागे नीट बघ. बांबूचं टोक दिसेल.

आणि त्याच्या गुडघ्यावर बघ. पानात बांधलेली पुडी आहे. तिच्यावरूनच तो कोण ते मला कळलं, कारण त्या पुडीची गोष्ट ऐकतच मी मोठा झालो. माझी आई, तुझी आजी बुलापे, हसता हसता सांगायची आणि सांगून झाल्यावर भरतकाम हातात घ्यायची. तिच्या मामाला, म्बोपेमामाला, असं बसवलेलं असताना एक गोरा माणूस तीन पायांची पेटी घेऊन अंगणात आला. बरोबरचा दुभाषा लांबचा, त्याला आपली रीत ठाऊक नव्हती. त्यानं पाहिलं तर माणसं त्या बसलेल्याशी बोलतायत. मग त्यानं विचारलं, “साहेबाला यांचं चित्र काढायचंय, यांची हरकत नाही ना?” रडणाऱ्या बायका चपापल्या. नाही कसं म्हणायचं? साहेब सरकारचा असेल तर? शेवटी कुळातला एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, “आता त्यांची कशालाच हरकत नसते.” साहेबानं मान लववली, मोबदला म्हणून मिठाची पुडी आधीच त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि मग चित्र काढलं. तो दृष्टीआड झाल्यावर सगळं अंगण रडता रडता हसलं. “मेल्यावर कमावता झाला आमचा म्बोपे!”

आईला ही गोष्ट ऐकूनच माहीत होती, कारण ती तिथे नव्हती. पोरगी होती, मासे धरायला बायकांबरोबर वरच्या ओढ्यांकडे गेलेली. परतली तेव्हा मामा मातीखाली गेला होता. ज्यानं तिला खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याच्या अंगावर तिच्या हातचं कापड पडलं नाही. घरच्यांच्या हातच्या कापडावरूनच पलीकडे गेलेले पूर्वज आपल्याला ओळखतात, हे तू जाणतेसच. म्हणून तिनं एक कापड भरायला घेतलं. मोठी झाली, आम्हाला जन्म दिला, टाके घालतच राहिली. ते घेऊन थडग्यापाशी जाणार, तर सरकारनं सगळं गाव उठवून सडकेवर आणलं आणि जुन्या जागेवर रान माजलं. ती शोधायला गेली, नुसती झाडं बघून परत आली. ती वारली तेव्हा मिंगानं ते कापड तिच्याच अंगावर घालायला काढलं, पण आईनं आधीच बजावून ठेवलं होतं, “हे माझं नाही. ज्याचं आहे त्याला द्या.” तेव्हापासून ते मामीच्या टोपलीत आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. त्यावरून इथे भांडण जुंपलं. तुझी आई म्हणाली, “फाडून टाकायला सांग. आपला मेलेला माणूस काय बाजारात मांडायचा? आणि वर झोपला म्हणायचं!” मलाही तेच वाटलं. पेल्येंगे फोटो पुन्हा जवळ घेऊन बसला होता. मग म्हणाला, “अगं मिंगा, त्याला बसवला कशाला होता? लोकांनी बघावं म्हणूनच ना? बघण्यात वाईट नाही. बघणाऱ्याला काय बघतोय ते माहीत नाही आणि घरचं कुणी शेजारी उभं नाही, हे वाईट.” तुझी आई त्याला म्हणाली, “तुम्हाला काय, तुमचं कुळ वेगळं.” पण पाणी मात्र तिनं त्यालाच आधी दिलं, म्हणजे पटलं होतं.

तेव्हा आमचं ठरलं ते असं. फोटो लावा. पण झोपेची ती ओळ काढा. हा म्बोपे आहे, याची माणसं आहेत आणि ती त्याला निरोप देतायत, असं लिहा. तुझे साहेब ऐकणार नसतील तर फोटो लावू नका, माझं नाव सांग.

आणि पोरी, एवढंच असतं तर मी तार केली असती. पत्र लिहिलं ते सोबतच्या गाठोड्यासाठी. सुट्टीवर तिकडे निघालेल्या मिशनच्या फादरांच्या हाती देतोय. वरच्या डब्यात वाळवलेल्या अळ्या आहेत, त्या तुला खायला. त्याखाली आजीचं कापड आहे. त्याची कड उघडी होती. ती कुळातल्या बायकांनी मिळून शिवायची असते. मिंगानं तिचा भाग शिवला, तुझ्या मावसबहिणींनी शिवला. एक वीतभर तुझ्यासाठी सोडलीय. तुला शिवता येत नाही हे मी बोललो, तर तुझी आई म्हणाली, “तिकडे सुई मिळत नाही का? वाकडा टाका म्बोपेमामाला चालेल, परका नको.” तेवढी कड शिव. मग लोकांसाठी प्रदर्शनाचं दार उघडण्याआधी एलीनला कडेवर घे, फोटोसमोर जा आणि कापड त्याच्या पायाशी अंथर. त्याच्याशी बोल. काय बोलायचं सुचलं नाही तर मिठाची थट्टा कर. आणि सांग, बुलापेला उशीर झाला, पण ती आली.

मग घरी जाऊन आधी मला पत्र लिही. तुझी आई रोज सडकेपर्यंत जाऊन बघेल आणि कबूल मात्र करणार नाही, म्हणून लवकर लिही.

तुझाच,
मिकोबीमामा