ओढ्यापलीकडचा चिंकारा

रविवार, दिवेलागण

गुडघा बरा, कंबर बरी, कॅमेराही सुखरूप. जीव मात्र थाऱ्यावर नाही.

सुप्याच्या माळावर पाखरांसाठी लांब पल्ल्याची लेन्स लावली होती. तिच्यात दिसलं भलतंच. कुत्र्यांनी चिंकारा पाडलेला. एकानं नरडं धरलेलं, दुसरं जिवंतपणीच पोट फाडत होतं. इतकं जवळ दिसलं, की मी दगड उचलून हाणला. तो समोरच्या बाभळीलाही पोचला नाही.

"आबा, कुणाला मारताय? कुत्री वढ्यापल्याड हायती!" सोबतचा किसन ओरडला.

धावलो. पोचेस्तोवर चिंकाऱ्याचं पाय झाडणं थांबलं होतं. कुत्री तोंडं चाटत उभी. आता हाणलेला दगड बरोब्बर लागला. काय उपयोग?

उद्या अंथुर्ण्यात लग्नाचे फोटो काढायचे आहेत. छोटी लेन्स लावीन. तिच्यात दिसेल ते हाताच्या टप्प्यात तरी असेल.