उंबरझिऱ्यावरची घागर

२८ एप्रिल

शिरपूर सोडल्यावर एसटी निम्मी रिकामी झाली आणि मला बरं वाटलं. मांडीवर भडगावच्या बाजारातली नवी घागर होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. कंडक्टरने घागरीकडे बोट करून विचारलं, "आप्पा, नवरीनं अर्धं तिकीट फाडू का?" मागचे दोघे हसले. मीही हसलो. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलताना कोणी आवाज खाली आणला नव्हता.

सागपाडा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावातल्या ताईबाई अक्कांनी घरातली रस्त्याकडची खोली दिली. घरात त्या, सून रत्ना आणि तिचं रांगतं बाळ. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा पोटभर खाल्ला. खोलीच्या खिडकीतून उंबरझिऱ्याचा माथा दिसतो. पिवळं गवत, मध्येमध्ये अंजनाची झाडं. डोंगर देखणा आहे, हे मान्य करावं लागतं.

गेल्या मे महिन्यात माझा मुलगा हेमराज तिथे गेला. योगराज नावाचा त्याचा मित्र डोंगरभटकंतीचा ग्रुप चालवतो. जाहिरातीत 'गर्दी नसलेले डोंगर' असं होतं. नकाशात माथ्यावर झरा दिसला म्हणून पोरांनी पाणी बेताचं घेतलं. उन्हाळ्यात झरा आटतो, हे त्यांनी गावात विचारलं नाही. हेमराज मागे पडला, बाकीचे उतरून आले. जाहिरात खोटी नव्हती. गर्दी नव्हतीच, म्हणून तो दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाला दिसला नाही.

आता योगराजने 'हेमराज स्मृती मोहीम' काढली आहे. टोप्या छापल्या आहेत. एक आमच्या घरीही पाठवली.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. वर्षात गेलेल्याच्या नावाने पहिली घागर भरायची. माझी बायको दिपमाला ती भडगावला घरीच भरणार आहे. मी म्हणालो होतो, पोरगं तहानेनं डोंगरावर गेलं, त्याला पाणी तिथेच हवं. ती म्हणाली, त्याला त्या डोंगरावरून घरी आणायचं आहे, तिथे बसवायचं नाही. त्यावरून आम्ही जे बोललो ते लिहीत नाही. निघताना तिने दार उघडून धरलं, एवढंच.

अक्कांना घागर दिसली. त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"भाऊ, घागर आपला घरना चुल्हापाशी भरतस. तठे बठ्ठाच तहानेल शेतस, एकटा तुमना पोऱ्याच नही."

मी विचारलं, बठ्ठा, सगळे म्हणजे कोण. त्या म्हणाल्या, लाकडाला गेलेले, दुष्काळात वाट चुकलेले, ज्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही ते. पाणी दिसलं की ते नाव कोणाचं घेतलं ते बघत नाहीत. मी मान हलवली. मनात म्हटलं, पिऊ देत. माझं पोरगंही पिईल.

३० एप्रिल

उजाडताच निघालो. आधी कोरड्या नाल्यातून, मग सालईच्या झाडांतून खडी चढण. पाठीवर पाण्याचा कॅन, हातात घागर. ही वाट त्याने चढली, हा दगड त्याने धरला असेल, असं मनात येत राहिलं. माथ्यावर झऱ्याच्या जागी पांढरा खडक आहे, त्यावर मुंग्याही नाहीत.

तो सापडला त्या अंजनाखाली घागर ठेवली. काठोकाठ भरली, वर लोटा ठेवला, शेजारी आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज. गोवऱ्या पेटवून पुरणाचा घास निखाऱ्यावर टाकला आणि मोठ्याने त्याचं नाव घेतलं. समोरच्या दरीतून नाव परत आलं. नंतर आणखी एकदा आलं, तेव्हा मी बोललो नव्हतो.

उतरताना बरं वाटत होतं.

१ मे

घागर बघायला पुन्हा गेलो. कोरडी ठणठणीत. तडा नाही, लोटा जागेवर, भोवतीची माती सुकी. आंबा आणि डांगराला कोणी हात लावलेला नाही. आत हात घातला तर भट्टीतून आत्ताच काढल्यासारखी गरम. मी रडलो. पुन्हा भरून आलो.

दिपमालाचा फोन आला. घरची घागर जशीच्या तशी भरलेली आहे, थेंब कमी झाला नाही, तो आलाच नाही, असं म्हणून ती रडत होती. मी धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, "तो इथे पितोय. तुझ्याकडे कशाला येईल?"

तिने फोन ठेवला. मला समाधान वाटलं. ते समाधान खोटं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

३ मे

आज भर दुपारी, गावात चिटपाखरू नसताना, दारातून हाक आली. "आप्पा, पाणी."

हेमराजचाच आवाज. दारात फक्त ऊन होतं. मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. डोळ्यांदेखत पाणी खाली गेलं. मी आणखी दिलं. माठ संपला.

मग तोच आवाज पुन्हा आला, "आप्पा, पाणी." आणि त्याच वेळी अंगणाच्या पलीकडूनही. आणि रस्त्यावरूनही. सगळीकडून तोच आवाज.

माझ्या पोराला एकच गळा होता.

५ मे

अक्कांची हौदी रिकामी. म्हैस दावणीला जीभ काढून बसली आहे. विहिरीत बादली खडकावर आपटते. मी कितीही प्यालो तरी घशाची कोरड जात नाही. धुळीत अनवाणी पावलं उमटली आहेत, बायामाणसांची, लहान मुलांची. सगळी माझ्या दाराकडे येणारी.

रत्नाचं बाळ रडतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही.

अक्कांनी घागर फोडायला सांगितलं. मग माझं बोचकं अंगणात आणून ठेवलं. शिव्या दिल्या नाहीत.

६ मे

वर गेलो. दगड घालून घागर फोडली. खापरं आतून ओली होती.

उतरलो तर विहिरीला पाणी. बाळ दूध प्यायलं. पावलं आता गावाबाहेर निघालेली — नाल्याच्या बाजूने, दक्षिणेला.

दक्षिणेला तापी. तिच्याही पलीकडे भडगाव —

७ मे

दिपमालाचा फोन. आवाज आनंदाचा. घरची घागर आज निम्मी झाली.

माझ्या त्या बोलण्यानंतर ती रोज दुपारी घागरीपाशी बसते. हात जोडून म्हणते, "हेमराज, घरी ये. सोबत जे कोणी असतील त्यांनाही घेऊन ये, मी कोणाला नाही म्हणणार नाही."

तिने स्वतः बोलावलं आहे. सगळ्यांना.

घागर फोड म्हणायला गेलो. जीभ टाळूला चिकटलेली. शब्द निघाला नाही. ती म्हणाली, अजून रागावलात का? मग म्हणाली, थांबा, दारात कोणीतरी हाक मारतंय, आई म्हणून —

मेसेज केला. दार लाव. घागर फोड. अजून वाचलेला नाही.

८ मे

एसटी शिरपूरला बंद पडली. रेडिएटरमध्ये पाणी नाही. ड्रायव्हर म्हणतो, सकाळीच भरलं होतं.

रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. तिला पुन्हा पुन्हा फोन —

उचलला.

ती बोलत नाही. नुसता पिण्याचा आवाज. घटघट. एकाचा नाही. पुष्कळ जणांचा — घरभर —

आता थांबला. ती श्वास घेते आहे. दिपमालाच आहे. घसा खरवडल्यासारखा —

म्हणते, अहो, थोडं पा