आई मारत नाही

३ मार्च, दिघी
एक कोडं. शाळेत माझ्या वर्गातली चाळीस मुलं डोकं खातात. पंधरा वर्षांत एकावरही हात उचललेला नाही. घरी एकच, सहा वर्षांची ईरा, आणि काल पुन्हा तिच्या पाठीत धपाटा. हात तोच. शाळेत मारणं कायद्याने बंद. घराच्या उंबऱ्याशी कायदा जवळजवळ गप्प. 'बाई, दोन लगावा, आमची परवानगी आहे,' म्हणणाऱ्या पालकांना मीच हसत नियम समजावते.

९ मार्च
नवऱ्याला, नितीनला, चाकणची कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार, हे नक्की झालं. ईरा आणि मी, आम्ही दोघीही जाणार. तिथले नियम वाचले. मारझोडीविना वाढणं हा मुलाचा हक्क. आईबापांची चापटसुद्धा बेकायदा. ब्रिटनचं तर आणखी विलक्षण: एकाच बेटावर स्कॉटलंड-वेल्समध्ये बंदी, इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' हा बचाव अजून शाबूत. वर्गात शिकवायला किती सुंदर विषय! मग पुढचं वाचलं. संशय आला तर शाळा बालकल्याण कार्यालयाला कळवू शकते.
सासूबाईंना सांगितलं. "आमी काय कमी मार खाल्ला? मेलो न्हाई."

१४ मार्च
ईराला समोर बसवून समजावलं. शांतपणे, मुद्देसूद, तीनदा. तिकडे कुणी विचारलं, तर आई मारत नाही असं सांगायचं. तिने मान डोलावली. पाठांतर चांगलं आहे तिचं.

२१ मार्च
तिथल्या शाळेच्या बाईंशी व्हिडिओवर ओळख. त्यांनी इंग्रजीत आवडता रंग विचारला. ईरा ताठ बसून इंग्रजीतच म्हणाली, "पिवळा. आणि आई मला मारत नाही."
बाई थांबल्या. हसल्या. काहीतरी लिहून घेतलं.
नितीन म्हणतो, रंगच लिहिला असेल गं. असेल.

२२ मार्च
वर्गात लक्ष नव्हतं. त्या बाईंची वही सारखी डोळ्यांपुढे. संध्याकाळी ईरा दारात उभी राहिली, जवळ न येता. "मी बरोबर सांगितलं ना? मग आता मारणार नाहीस ना?"
काय उत्तर दिलं ते लिहवत नाही.

२३ मार्च
सकाळी ती वेणीसाठी पुढ्यात बसली. फणी वरच्या फळीवर. मी हात वर नेला, केवळ फणीसाठी. तिचे खांदे कानांपर्यंत गेले, डोळे मिटले.
जर्मनीतल्या बाईंना वही लागणारच नाही. प्रयोग इतका सोपा आहे की कोणत्याही घरात करता येईल: मूल जवळ असताना, काही न बोलता, हात सावकाश वरच्या फळीकडे न्यायचा. फळीकडे बघायचं नाही. मुलाच्या खांद्यांकडे बघायचं.
निघायला सत्तावीस दिवस. फणी आज खाली ठेवली आहे. जाण्याआधी एकदा ती पुन्हा वर ठेवून हात न्यायचा आहे, ईराच्या खांद्यांकडे बघत.