भाऊ म्हणून केलेली सही

प्रिय वत्सला,

डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला आणि ‘भाऊ’ या शब्दासमोर मी सही ठोकली, त्या घटकेला सगळं बदललं. तुझंही आणि माझंही. आज अकरा वाजता तुझ्या मृत्यूची चौकशी करायला साहेब तुरुंगात येतायत, भाऊ म्हणून मला जबानीला बोलावलंय. त्यांच्यापुढं तोंड उघडण्याआधी तुझ्यापुढं उघडावं, म्हणून लिहायला बसलोय.

पत्रकं वाटताना तू धरली गेलीस आणि तिसऱ्या दिवशी मी सांगलीचं कॉलेज सोडून कराडला आलो. देशासाठी सोडलं, असं गावभर सांगितलं. साफ खोटं! परीक्षा तरी देऊन जा, म्हणणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलावर पुस्तकं आपटून आलो ते तुझ्यासाठी. तू दिसल्याशिवाय घास उतरत नव्हता, तिथं परीक्षा कसली देतोय?

भेट फक्त नातेवाइकांना. तुला आईबाप नाहीत, सख्खा भाऊ पलटणीबरोबर समुद्रापार. मग मी त्याचंच नाव लावलं. पहिल्या भेटीला तू जाळीपलीकडून मला नीट न्याहाळलंस आणि पहाऱ्यावरच्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालीस, “काय रं दादा, ओवाळणी आनलीस का?” माझे कान तापले. किती दुष्ट होतीस गं! गावी परतताना मोटारीत मी एकटाच हसत होतो, शेजारचा म्हातारा सरकून बसला.

मग तुझं पोट दुखायला लागलं.

तुरुंगाच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. तसे सभ्य. खुर्ची दिली, चहा मागवला. पोटात गाठ आहे, गर्भाची पिशवी काढावी लागेल, म्हणाले. तिला सांगितलंत का, असं मी विचारलं. कैद्याला विचारायची रीत नाही, घरच्या पुरुषाची सही पुरते, बायका ऐकून उगाच घाबरतात, असं त्यांचं उत्तर. तू भिंतीपलीकडं होतीस. दहा पावलांवर! प्राध्यापकांशी भांडलेला मी तिथं मात्र चहा प्यालो. तुला वाचवायची घाई होती, हे खरं. पण आणखी एक खरं आहे. कुणीतरी मला तुझा माणूस धरलं, याचं मला मनातून बरं वाटलं होतं.

पुढच्या भेटीला तू खाटेवर होतीस. काय काढलं ते पहाऱ्यावरच्या त्याच बाईनं तुला सांगितलं होतं. तू रडली नव्हतीस.

“सही कुनाची?” तू विचारलंस.

“माझी.”

“मला वाचाय येत न्हवतं व्हय, मधू? सातवी पास हाय मी. इचारलं असतंस तर हो बी म्हनले असते. पर इचारायचं मला.”

एखादी शिवी तरी हासडायची होतीस. तू नुसतं पांघरूण वर ओढलंस. पाचव्या दिवशी तापात गेलीस.

आता तुरुंगाच्या अहवालात लिहिलंय, ‘रोग्याच्या भावाच्या पूर्ण संमतीने’. आमचे आबा काल म्हणाले, गप्प राहा, खोट्या नावानं सही केलीस म्हणून तुलाच आत घालतील. घालू देत की! त्या अहवालाचा सगळा डोलारा माझ्या सहीवर उभा आहे, आणि ती सही खोटी आहे. मी ‘भाऊ नाही’ म्हटलं की तो उभा राहणार नाही.

गाठ होती की नव्हती, मला ठाऊक नाही. ऑपरेशन बरोबर असेलही. त्यावर मी अक्षर बोलणार नाही. मी एवढंच सांगणार: ती शुद्धीवर होती, शहाणी होती, तिला लिहितावाचता येत होतं, आणि तिला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, आणि मीही नाही.

तुझ्या कोठडीत अजून सात बायका आहेत. त्यांच्या अंगाला हात लावण्याआधी त्यांना समजेल असं सांगायचं, सही किंवा अंगठा त्यांचाच घ्यायचा, आणि ‘नको’ म्हणाल्या तर तिथंच थांबायचं. साहेबांकडून हे लिहून घेतल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठत नाही. हे तुला वचन. आणि जबानीखाली सही करीन ती माझ्या नावानं.

दहा वाजून गेले. टोपी चढवली, हे शेवटचं उभ्यानं लिहितोय. आबा ओटीवर बसलेत, अडवतील. अडवू देत. पत्र खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार मागं ओढून घेतो.

भाऊ नव्हे, तुझा
मधू